चौथ्या खणातली बगलफूट

फेब्रुवारीत बेलासित्सा डोंगरावरून वारा सुटला आणि दोन दिवसांत आंदोनच्या टोमॅटोच्या दोन्ही प्लास्टिकघरांच्या चिंधड्या झाल्या. त्याआधीच्या हंगामात नागअळीनं पानांची चाळण केलीच होती. वाऱ्यानं फक्त उरलंसुरलं आटोपलं. जन्मभर फवारे मारून आंदोनची छाती गेली होती. द्राक्षाच्या मांडवाखालून फाटकापर्यंत जायचं तर तो मध्ये दोनदा थांबायचा. मुलगा रिस्तो स्लोव्हेनियात भिंतींना गिलावा करत होता, आणि तिकडचं काम कधी असे, कधी नसे. मग सासू स्तोयना आणि सून बिसेरा दोघी गावाबाहेरच्या काचघरात कामाला लागल्या. दहा महिन्यांच्या नेवेनाचा पाळणा द्राक्षाखाली आंदोनच्या खुर्चीला दोरीनं बांधला, की बसल्या जागेवरून त्याला झोका देता यावा.

काचघरात औषधासाठी गांजा लावत. सरकारी परवाना होता, तारेचं दुहेरी कुंपण होतं, फाटकावर बंदूकवाला होता. स्तोयनाला या थाटाचं हसू यायचं. तिची आई हेच झाड शेतात पेरायची, नदीत कुजवायची आणि वाख काढून पोती विणायची. "एवढं दाट पेरायची," ती सांगे, "की कोंबडी आत शिरली तर मागं वळायला जागा नसायची. तेव्हा कोणी पहारा नाही ठेवला."

बिसेराचा हात कात्रीवर छान बसला होता. रोप गुडघ्याला लागलं की पाचव्या पेरावर शेंडा खुडायचा. दोन फांद्या वर येतात, त्यांचेही शेंडे मारायचे. फांद्या वाकवून वरच्या जाळीत गुंतवायच्या, खालची सावलीतली फूट काढून टाकायची. झाड उंच न जाता परातीसारखं पसरतं. अशा सोळा मोठ्या कुंड्या एका बाकावर बसत. अठरा बायका दिवसभर हेच करत. चिकानं कात्री जड झाली की तेलाच्या वाटीत बुडवायची, पुसायची, पुन्हा पुढची कुंडी. दुपारी बाराच्या सुमाराला बिसेराचं दूध भरून यायचं आणि कामाच्या डगल्याखाली ओल पसरायची. ती कोपर छातीशी दाबून धरायची आणि खुडत राहायची. संध्याकाळी घरी जाऊन हात राखेनं घासले तरी वास जात नसे. नेवेना आधी तोंड फिरवायची, मग भुकेपुढं तिचं काही चालायचं नाही.

मार्चअखेर पाव्लेनं सगळ्यांना जेवणाच्या खोलीत बोलावलं. पाव्ले म्हणजे तिथला शेतकीचा इंजिनियर, शेजारच्याच गावचा पोरगा, तिशीसुद्धा न गाठलेला. टोपी हातात फिरवत त्यानं सांगितलं की परदेशातल्या मालकांना दोन पद्धती ताडून बघायच्या आहेत. काचघराच्या तिसऱ्या खणात नेहमीसारखं, बाकावर सोळा मोठ्या कुंड्या आणि छाटणी. चौथ्या खणात त्याच झाडांच्या फांद्यांपासून केलेली रोपं, पण लहान कुंड्यांत, बाकावर चौसष्ट, एकमेकींना खेटून. तिथं शेंडा खुडायचा नाही, कात्री लावायची नाही. प्रत्येक रोप काठीसारखं सरळ वर जाऊ द्यायचं. जुलैत दोन्हींचा वाळलेला माल तोलायचा. ज्या खणात बाकामागे जास्त भरेल, ऑगस्टपासून सगळं काचघर तसं.

वांगेलिया नावाची बाई सगळ्यांत जुनी. तिनं विचारलं, चौथा जिंकला तर आम्ही काय करायचं?

पाव्ले टोपीत बघत म्हणाला, "मग सहा जणी पुरतील."

"आम्ही अठरा आहोत."

"मला मोजता येतं, वांगेलियामावशी."

बिसेरा तिसऱ्या खणात लागली. स्तोयनाच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला होता आणि कात्री धरली की हात थरथरायचा, म्हणून तिला आधीच झाडलोटीवर टाकलं होतं. तिला चौथा खण दिला. ठिबकाच्या नळ्या वाहताहेत ना बघायचं, गळलेली पानं उचलायची, कीड दिसली तर हाक मारायची. झाडाला हात म्हणून लावायचा नाही. गाडीत परतताना बायकांनी तिची थट्टा केली. वांगेलिया म्हणाली, "स्तोयना, तुझ्या खणावर आमची पोटं टांगलीत. फार निगा राखू नकोस हो."

"मला दिसतंय कुठं निगा राखायला," स्तोयना म्हणाली, आणि गाडीभर हशा पिकला.

पाचव्या आठवड्यात एका शुक्रवारी डगले गोळा करून धुलाईच्या पिंपात टाकायची पाळी बिसेराची होती. डगले आतच राहत. बाहेर जाताना फाटकावर पिशव्या, खिसे, बुटांचे तळवेसुद्धा बघत. सासूचा डगला उचलला तर त्याचा उजवा खिसा ओला आणि गरम लागला. तिनं हात घातला. मूठभर कोवळी फूट हाताला आली. प्रत्येक फूट पान आणि खोड यांच्या बेचक्यातून नखानं नेमकी खुडलेली, कात्रीलाही जमणार नाही इतकी स्वच्छ.

बिसेरानं ती खूण लगेच ओळखली. त्या भागातल्या प्रत्येक बाईचा अंगठा असाच चालतो. टोमॅटोच्या ओळीतून जाताना बोलणं चालू असतं, नजर भलतीकडे असते आणि अंगठा आपला बगलफूट शोधत, खुडत जातो. खुडलेलं ओळीत टाकत नाहीत. खिशात साठवतात, घरी नेऊन बादलीत दोन दिवस भिजत घालतात आणि ते पाणी घेवड्यावरच्या माव्यावर शिंपडतात. स्तोयनानं हे बेचाळीस वर्षं केलं होतं. दिसत नव्हतं त्याचा काही प्रश्नच नव्हता. त्या कामाला डोळे कधी लागलेच नव्हते.

दोन वर्षांपूर्वी काचघरातून निघताना एका माणसाच्या खिशात एक पान सापडलं होतं. त्याला फाटकातूनच पोलिसांच्या गाडीत घातलं होतं.

बिसेरानं इकडेतिकडे पाहिलं. मग मूठ आपल्या खणातल्या छाटणीच्या बादलीत रिकामी केली. ती बादली रोज तोलत आणि आकडा सरकारी वहीत चढे: तिसरा खण, छाटणी, एवढे ग्रॅम. चौथ्या खणापुढं रोज शून्य असे.

गाडीनं चौकात सोडल्यावर वाटेत तिनं हळूच विषय काढला.

"आई, तुम्ही झाडं खुडताय."

"कोणती झाडं?"

"चौथ्यातली. खिसा भरला होता तुमचा."

स्तोयना रस्त्यात उभी राहिली. "माझ्या हातात त्यांनी झाडू दिलाय, सूनबाई. झाडाला हात लावू नको म्हणून चार जणांसमोर सांगितलंय, लहान पोराला सांगावं तसं. मी कशाला लावीन?" मग घरापर्यंत ती पुढं पुढं चालली. आंदोननं काय झालं विचारलं तर म्हणाली, "तुझी सून मला चोर म्हणते." जेवताना पावाचा तुकडा तिनं तसाच ठेवला. नेवेनाला मात्र झोपवायला घेतलं. ती पोर आजीचा उजवा अंगठा मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. बिसेरा दारात उभी राहून त्या अंगठ्याकडे बघत राहिली. नखाच्या कडेला टोमॅटोचा काळा-हिरवा डाग कायमचा मुरलेला, मधोमध लहानशी खाच.

सोमवारी बिसेरा नळी गळतेय असं सांगून चौथ्या खणात गेली. स्तोयना बाकांच्या मधून चालली होती, झाडू काखेत, तोंडानं काहीतरी पुटपुटत. उजवा हात झाडांच्या खालच्या अंगानं सरकत होता. बिसेरानं मागून जाऊन मनगट धरलं. अंगठा आणि तर्जनी यांच्या मध्ये एक फूट होती, तुटलेल्या जागी पाण्याचा थेंब. हातमोज्याचा अंगठा नखाच्या जागी फाटला होता.

स्तोयनानं आपल्या हाताकडे पाहिलं, कोणी परक्यानं तो तिच्या अंगाला जोडून दिल्यासारखं. बराच वेळ पाहिलं. मग तिनं हात डगल्याला पुसला आणि ती खाली बसली, ओल्या फरशीवर, दोन बाकांच्या मध्ये.

"किती दिवस?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही. मला शुक्रवारी कळलं."

"कोणाला सांगू नको."

बिसेरानं सांगितलं नाही. तिनं उपाय केले. सासूला हात पाठीमागं बांधून चालायला सांगितलं. दोन दिवस स्तोयना शाळेच्या मास्तरासारखी फिरली आणि बायका हसल्या. तिसऱ्या दिवशी खिशात पुन्हा ओल. मग बिसेरानं तिच्या अंगठ्याला घट्ट चिकटपट्टी गुंडाळली. त्या रात्री नेवेनानं पट्टीचा अंगठा हातात घेतला, टाकून दिला, आणि रडून घर डोक्यावर घेतलं. सकाळी काचघराच्या दारावर हात तपासणाऱ्या बाईनं पट्टी पाहून विचारलं, जखम आहे का. जखम असली तर आत सोडत नसत. स्तोयना म्हणाली, हो, सुरी लागली. तिला तीन दिवस घरी बसवलं, बिनपगारी. घरी ती अंगणात बसून राहिली. आंदोन बिसेराला म्हणाला, माझ्या कुंडीतल्या तुळशीला एक पान ठेवलं नाही हिनं.

त्यानंतर बिसेरानं उपाय सोडले. रोज घंटा व्हायच्या पाच मिनिटं आधी ती चौथ्या खणाकडे जायची, सासूचा डगला उतरवायला मदत केल्यासारखं करायची आणि खिशातलं आपल्या बादलीत नेऊन टाकायची. बायका म्हणायच्या, सून मिळावी तर अशी. वांगेलियानं तर आपल्या सुनेला टोमणा मारायला हे घरी जाऊन सांगितलं.

मे संपता संपता काचेखाली ऊन तापायला लागलं. झाडांनी फुलावं म्हणून बारा तासांचा अंधार द्यायला दुपारनंतर काळे पडदे ओढत, आणि पडद्याआड हवा शिळ्या भातासारखी आंबायची. तिसऱ्या खणात झाडं परातीसारखी पसरली, फुलांचे तुरे जाळीतून वर आले. बिसेराची पाठ कमरेपासून धरली, बोटांची पेरं सकाळी उघडायला गरम पाणी लागे. पण बाकावरून नजर टाकली की तिला बरं वाटायचं. एका उंचीवर सगळे तुरे, इस्त्री केल्यासारखे.

चौथ्याकडे ती बघायचं टाळायची. टोमॅटोवर वाढलेल्या बाईला खालची फूट काढली की जोर कुठं जातो हे शिकवावं लागत नाही. चौसष्ट रोपं खेटून उभी होती, ती खरं तर खालून गुदमरून बुरशी धरायला हवी होती. पण त्यांच्या खालचं वीतभर अंग गुडघ्यापर्यंत धोतर खोचल्यासारखं मोकळं होतं, आणि वर मनगटाएवढा एकेक तुरा. पाव्ले फूटपट्टी घेऊन यायचा, वाकून बघायचा, फोटो काढायचा. एकदा त्यानं बिसेराला मुद्दाम हाक मारून दाखवलं. वारा कसा खेळतोय बघ, म्हणाला. दाट लावलं की झाड खालची फूट धरतच नाही, उगाच आपण इतकी वर्षं कात्र्या चालवल्या.

शेजारी स्तोयना झाडू घेऊन उभी होती. "मी काही केलं नाही, इंजिनियरसाहेब," ती म्हणाली.

"तेच तर चांगलं केलंस, आजी," पाव्ले म्हणाला.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माल वाळून तोलला. तिसरा खण, बाकामागे दोन किलो शंभर ग्रॅम. चौथा, दोन किलो सहाशे. आकडे जेवणाच्या खोलीच्या दारावर लावले. बायकांनी ते वाचले आणि डबे उघडले. सगळ्यांच्या डब्यात भाजलेल्या मिरच्या होत्या, त्या दिवसांत दुसरं असतंय काय. वांगेलिया तेवढी म्हणाली, "झाडाला आमची गरज नव्हती म्हणायची," आणि पावानं ताटली पुसून घेतली.

त्या दुपारी बिसेरा पाव्लेच्या खोलीत गेली. वाटेत तिनं चार वेळा वाक्य जुळवलं होतं. त्यातलं एकही निघालं नाही. चौथा खण खोटा आहे, एवढंच ती म्हणाली. मग बाकीचं आपोआप आलं: अंगठा, खिसा, बादली. शेवटी तिनं जे मनाशी पक्कं केलं होतं ते सांगितलं. दाट लावलेलं चांगलं येतं ते खालची फूट कोणीतरी काढली म्हणून. म्हणजे हात लागतातच. सहा नाही, निदान बारा जणी लागतील. तेवढं लिहा.

पाव्ले उठला आणि त्यानं दार लावून घेतलं.

"आणखी कोणाला ठाऊक आहे?"

"तुम्ही, मी आणि ती."

"रोज तुझ्या बादलीत टाकत होतीस? रोज?"

"रोज."

त्यानं वही ओढली, पानं उलटली, ओठ हलवत बेरीज केली. मग टोपी काढून टेबलावर ठेवली. त्याच्या कपाळावर टोपीचा लाल वण उमटला होता.

"या वहीखाली सरकारी माणसाची सही आहे," तो म्हणाला. "आणि माझी. शून्य म्हणून. मी आता लिहिलं की चौथ्यात हात लागला, तर पहिला प्रश्न येईल कुणाचा. दुसरा येईल, खिशातून बाहेर किती गेलं. मग छाटणीबद्दल कोणी विचारणार नाही, बिसेरा. मग पोलीस विचारतील."

"बाहेर एक पानही गेलं नाही."

"ते तू सांगशील. कोण ऐकणार?"

ती उभीच राहिली. दूध भरून आलं होतं, डगल्यावर दोन डाग पसरत होते. पाव्लेनं ते पाहिलं आणि मान दुसरीकडे वळवली.

"अहवाल सोमवारीच गेलाय," तो हळू म्हणाला. "पुढच्या खेपेला झाडांना खरंच कोणी हात लावणार नाही. मग खालून बुरशी येईल, आणि ते मला विचारतील तू कुठं चुकलास. तेव्हा मी काय सांगणार, तेही मला ठाऊक नाही." मग तो नेहमीच्या आवाजात, दारापलीकडे ऐकू जाईल असा म्हणाला, "उद्याची सुट्टी हवी ना तुला, बाळासाठी? घे."

यादी महिन्याच्या शेवटी लागली. सहा नावं. बिसेराचं नव्हतं, वांगेलियाचं नव्हतं. चौथं नाव स्तोयनाचं होतं. कात्रीवाल्या बायकांचा पगार जास्त आणि झाडूवाल्यांचा कमी, शिवाय चौथा खण तिनंच सांभाळलेला.

त्या संध्याकाळी आंदोनलासुद्धा सगळं सांगावं लागलं. तो ऐकत राहिला, पाळण्याची दोरी हातात तशीच ताणून. बिसेरा म्हणाली, आई, तुम्ही जाऊ नका. माझ्याशिवाय खिसा कोण बघणार. स्तोयना भाजलेल्या मिरच्या सोलत होती. मोतीबिंदूचा डोळा धुरानं गळत होता. रिस्तोचा दोन आठवड्यांपूर्वीच फोन आला होता, तिकडचं काम संपलं, दुसरं शोधतोय.

"मग दोघी घरी बसून काय करायचं?" ती म्हणाली. "या म्हाताऱ्याच्या छातीचं ओढायचं औषध झाडाला लागतं का?"

"दुसरीकडे बघू."

"तू बघ. तुझं वय आहे. मला कोण घेतंय?" तिनं सोललेली मिरची ताटात ठेवली, हात पुढं केले आणि दोन्ही बाजूंनी न्याहाळले. "मी जपीन. झाडू दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवीन. इतकं सोपं आहे ते."

नेवेना रांगत आली. स्तोयनानं मिरचीचा हात मागं घेतला आणि कोपरानं तिला जवळ ओढलं.

ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी पहाटे साडेपाचला गाडी चौकातून भोंगा वाजवत थेट फाटकासमोर आली. स्तोयना काळा रुमाल बांधून निघाली, डाव्या हातात जेवणाची पिशवी. बिसेरा नेवेनाला कडेवर घेऊन मागं मागं फाटकापर्यंत आली. सासूच्या घरच्या स्वेटरचे खिसे तिनं आदल्या दिवशी शिवून टाकले होते. पण काचघरातले डगले कंपनीचे, रोज वेगळे मिळत.

"हात मागं," बिसेरा म्हणाली.

"हो गं बाई, मागं," स्तोयना म्हणाली, आणि तिनं पोरीच्या गालाला ओठ टेकवले. म्हातारी बऱ्याच दिवसांनी खुशीत दिसली. सहा जणींत आपलं नाव आलं, हे तिनं गल्लीत तिघींना सांगून झालं होतं.

फाटकाशी आंदोननं घरापुरती लावलेली टोमॅटोची चार झाडं होती. स्तोयना त्यांच्या बाजूनं गेली, नजर रस्त्यावरच्या गाडीकडे, तोंडानं ड्रायव्हरला आले आले म्हणत. उजवा हात जाता जाता झाडांकडे वळला. एक, दोन, तीन. मग तो हात कमरेपाशी आला, शिवलेल्या खिशावर चाचपडला, जागा सापडली नाही तेव्हा क्षणभर थांबला आणि तिथंच मूठ मिटून राहिला. ती तशीच मूठ मिटून पायरी चढली.

बिसेरानं हाक मारायला तोंड उघडलं. गाडीचं दार सरकून लागलं. कडेवरची नेवेना आजीच्या दिशेनं झेपावत होती, हवेत बोटं मिटत आणि उघडत. बिसेरानं तिचा हात आपल्या हातात धरला. टोमॅटोच्या झाडावर तीन बेचक्यांत तीन थेंब जमले होते.